अकरा झेंडू

सुलतानपूरच्या इंगळे गुरुजींची समता संशयी आहे, हे गावात कोणाला सांगायची गरज नव्हती. लहानपणी बिस्किटचा पुडा फोडला की आधी बिस्किटं मोजायची, मग खायची. वडील गुलाबराव गुरुजी अगदी उलट. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण दिलेली वस्तू परत मागायची त्यांना आजही लाज वाटते. त्यांची सायकल चार वर्षं दुसऱ्याच्या दारात उभी होती. आई सिंधूताई म्हणायची, ही पोरगी कोनावर गेली, मले काही समजत नाही.

पण खरं सांगायचं तर समताच्या संशयाला कारणही होतं, आणि ते बिस्किटांएवढं साधं नव्हतं. पुण्यात एका कंपनीत ती दोन वर्षं कॉम्प्युटरच्या खेळांसाठी चित्रं काढत होती. तिथं लोक आधी आडनाव विचारायचे, मग चित्रांकडे बघायचे. तरी तिनं मान खाली घालून काम केलं. खेळ बाजारात आला तेव्हा शेवटच्या नामावलीत तिच्या चित्रांपुढं भलत्याच माणसाचं नाव. विचारायला गेली तर म्हणाले, टीमचं काम असतं, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. तिनं लावून घेतलं. राजीनामा दिला, बॅग उचलली आणि सुलतानपूरला आली. यापुढं कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, एवढं मात्र तिनं ठरवून टाकलं.

आणि तरीही अविनाशवर ठेवला. म्हणजे ठेवला असं तिला वाटत होतं.

अविनाश डोणगावचा. शेगावच्या कॉलेजात दोघं एका वर्गात होते, एका बाकावर नसले तरी एका डब्यात जेवलेले. घरची भाजीची शेती: टमाटे, वांगी, मिरच्या. डिग्री घेऊन हा गडी घरी आला आणि सकाळी बापाबरोबर वावरात, दुपारी कॉम्प्युटरवर, असं त्याचं चाललं होतं. डोक्यात एक खेळ होता, कॉलेजपासूनचा. वरून दिसणारं एक वावर, कोपऱ्यात विहीर, विहिरीपासून निघालेला पाण्याचा दांड आणि पुढं वाफे. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायचं. एक फावडं चुकीचं पडलं की पाणी शेजाऱ्याच्या वावरात. ऐकायला सोपं, सोडवायला बसलं की जेवणाची वेळ टळते. असली साठ वावरं, एकाहून एक अवघड. खेळाचं नाव ‘ओलित’, म्हणजे वावराला पाणी देणं.

अविनाशनं प्रोग्राम लिहिला, समतानं चित्रं काढली आणि खेळातला सगळा मजकूर लिहिला. अडीच वर्षं गेली. या अडीच वर्षांत अविनाशनं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तो म्हणाला होता, “पैसे येवो का न येवो, शेवटी माझं नाव ठळक दिसलं पायजे. बाबाले दाखवाचं हाये.”

त्याचं कारण तिला माहीत होतं. त्याचे वडील उकंडराव चार माणसांत बसले की लोक विचारायचे, पोरगा इंजिनियर झाला ना, मग कुठं लागला? उकंडराव दर वेळी विषय पावसावर न्यायचे. घरी येऊन पोराला काही बोलायचे नाहीत, आणि त्याचंच अविनाशला जास्त लागायचं. खेळ बाजारात येईपर्यंत घरी दाखवायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. अर्ध्या कामाचं कौतुक नको, म्हणे.

दोघांचं वाजलं ते फक्त कुलपावरून.

बाजारातल्या बहुतेक खेळांना कुलूप असतं. म्हणजे तुम्ही खेळ विकत घेतला, तरी तो दर वेळी उघडताना कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारणार की हा माणूस खरा का. तिकडून होकार आला तर उघडणार. कंपनी बंद पडली, की तुम्ही पैसे मोजून घेतलेला खेळही बंद. अविनाशनं कॉलेजात स्कॉलरशिपच्या पैशातून असा एक खेळ घेतला होता आणि अर्धा सोडवून झाल्यावर कंपनीनंच गाशा गुंडाळला. तो राग त्याच्या मनात अजून ताजा होता. आपल्या खेळाला कुलूप लावायचं नाही, असं तो म्हणाला. ज्यानं घेतला त्याचा झाला, मग त्यानं तो कितीही कॉम्प्युटरवर टाको. कुलूप नसलेलेच खेळ विकणारी एक साइटही त्यानं शोधून ठेवली होती.

समताला हे पटेना. लोक एक प्रत घेतील आणि गावभर वाटतील, असं ती म्हणाली. वाटोत, असं तो म्हणाला. महिनाभर हे चाललं. शेवटी ती ‘बरं’ म्हणाली, आणि अविनाशनं आनंदानं खेळाच्या पहिल्याच पानावर टाकायला एक ओळ दिली: हा खेळ तुमचा आहे, याला कुलूप नाही. समतानं ती ओळ टाकली. पण संशयी माणसाचं ‘बरं’ म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. वरून बरं, आत दुसरंच.

बाजारात येण्याआधी खेळ सहा जणांना तपासायला द्यायचा होता. पुण्यात खेळांवर व्हिडिओ करणारी अर्पिता, नागपूरची अनुपमा, आणखी चौघं. समतानं सहा प्रती तयार केल्या आणि प्रत्येकीत अविनाशच्या नकळत एक खूण ठेवली. साठाव्या वावरात टमाट्याचे अकरा वाफे होते आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी झेंडूचं एक झाड. टमाट्यात झेंडू लावतातच. कीड त्याच्याकडे जाते. समतानं अर्पिताच्या प्रतीतलं पहिल्या वाफ्याचं झाड काढलं, अनुपमाच्या प्रतीतलं दुसऱ्याचं, असं सहा प्रतींत सहा वेगळी झाडं गायब केली. अविनाशच्या स्वतःच्या प्रतीत मात्र अकराच्या अकरा ठेवली. शेतकऱ्याच्या पोराच्या नजरेला रिकामी जागा लगेच दिसेल, एवढा विचार तिनं केला होता. उद्या खेळ बाहेर फुटलाच, तर झेंडू बघायचे, चोर सापडला. स्वतःच्या हुशारीवर ती दोन दिवस खूश होती.

सहा प्रती तिनं रविवारी दोघांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या. सोमवारी सकाळी तिथूनच त्या पाठवल्या आणि त्यातल्याच एकीची जादा नक्कल पेनड्राइव्हमध्ये घेऊन पेनड्राइव्ह घरच्या टेबलावर ठेवला.

नऊ दिवसांनी, खेळ बाजारात यायला दोनच दिवस राहिलेले, बुधवारी ती स्टँडजवळच्या शेखरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. शेखर मेहकरला गेला होता. गल्ल्यावर त्याची बायको गीताबाई. आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं एसटीचा एक कंडक्टर तिकिटाची मशीन मांडीवर ठेवून बसलेला, गाडी सुटायला वेळ होता म्हणून. त्याच्यासमोर ‘ओलित’ उघडलेलं. सातवं वावर. पाणी शेजाऱ्याकडे चाललं होतं आणि तो तोंडानं चक चक करत होता.

अडीच वर्षांचं काम, अजून बाजारात न आलेलं, आणि स्टँडवरचा कंडक्टर खेळतो आहे. तिनं गीताबाईला शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, हा कुठला खेळ? गीताबाई म्हणाली, कोनीतरी आनला, यायनं कॉपी करून ठेवला, पाह्यजे तं घेऊन जा. शेखर कधी येणार हे मात्र समतानं विचारलं नाही. तासाभरात आला असता बिचारा. पण संशय आलेल्या माणसाला विचारायचं नसतं, पकडायचं असतं. तिनं मोबाइलला वायर जोडून खेळ उतरवून घेतला आणि घर गाठलं.

सगळ्या वावरांची उत्तरं तिला पाठ होती, तरी साठाव्यापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. शेवटचं वावर उघडलं. तिनं बोट लावून मोजले. पहिल्या वाफ्याशी झेंडू, दुसऱ्याशी झेंडू, तिसऱ्याशी, चौथ्याशी. पुन्हा मोजले. अकराच्या अकरा.

म्हणजे अविनाश.

मग काय विचारता. एकदा नाव सापडलं की संशयाला पुरावे आपोआप सापडत जातात. मागच्या पंधरवड्यात अविनाश तीन वेळा फोन उचलत नव्हता. तो विहिरीवरच्या मोटरीजवळ असतो आणि तिथं रेंज नसते हे तिला ठाऊक होतं, पण आता तेही खोटं वाटायला लागलं. त्याच्याकडे नवा मोबाइल दिसला होता. मागं एकदा सुलतानपूरला आला तेव्हा तो याच शेखरबरोबर चहा पिताना दिसला होता. आणि कुलूप नको म्हणून महिनाभर भांडला कोण? तोच. तिला सगळं स्वच्छ दिसायला लागलं, आणि दिसलेलं सगळं चूक होतं. पण ते तिला कोण सांगणार? तिला भयंकर राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. पुण्याच्या माणसांचं तिला एवढं वाटलं नव्हतं. ती परकी होती. हा डब्यात जेवलेला.

गुरुवारी दिवसभर ती जेवली नाही. सिंधूताईंनी दोनदा विचारलं, काऊन वो, जेवत काऊन नाहीस, तर तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. अविनाशचा फोन आला. तो फार खुशीत होता. उद्या सकाळी अकराला खेळ येणार, बाबाच्या डब्यात काहीतरी गोड द्यायला आईला सांगितलं आहे, असं काय काय बोलत होता. समता हं हं करत राहिली. याला विचारलं तर हा गोड बोलून गुंडाळणार, असं तिच्या मनात आलं. पुण्यात विचारलंच होतं की. विचारून काय मिळालं?

खेळातला मजकूर तिच्या ताब्यात होता आणि साइटवरचं खातंही तिच्याच नावावर. तिनं नामावलीची फाइल उघडली. दोन नावं होती. तिनं एक खोडलं. मग सगळं पुन्हा बांधून साइटवर चढवलं. या कामाला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हात थरथरत होते असंही नाही. आपण न्याय करतो आहोत असं वाटत असलं की हात थरथरत नाहीत.

शुक्रवारी अकराला ‘ओलित’ बाजारात आलं. दुपारी अर्पितानं त्यावर अर्ध्या तासाचा व्हिडिओ टाकला, खेळाची तोंड भरून स्तुती केली, आणि शेवटी बाजारातल्या प्रतीतली नामावली दाखवून म्हणाली की हा सगळा खेळ एका मुलीनं बुलढाण्याच्या एका गावात बसून एकटीनं केला आहे, याच्यावर विश्वास बसत नाही. संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीस लोकांनी खेळ उतरवून घेतला. जर्मनीत, ब्राझीलमध्ये, कुठं कुठं. गुरुजींनी गल्लीत पेढे वाटले. समतानं आपला पेढा परत डब्यात ठेवला.

पाच वाजता अविनाशचा फोन आला. आवाज हळू होता.

“समता, शेवटी माझं नाव नाही.”

“नाही.”

“राहून गेलं का?”

“काढलं मी.”

मग तिनं सगळं बाहेर काढलं. शेखरचं दुकान, कंडक्टर, मोबाइल, चहा. सहा प्रतींतली सहा गायब झाडं आणि फुटलेल्या प्रतीतले अकरा झेंडू. ती न थांबता बोलली. मागं मोटर चालू असल्याचा आवाज येत होता. तिचं संपल्यावर तो म्हणाला:

“ते झेंडू तू मुद्दाम काढले होते?”

“हो.”

“मले वाटलं नांग्या राह्यल्या. मी भरून टाकल्या. सहाच्या सहा.”

आणि त्यानं फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

आता ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेरलं, लावलं, आणि मधे एखादं रोप उगवलंच नाही किंवा मेलं, की तिथं रिकामी जागा राहते. तिला नांगी म्हणतात. शेतकऱ्याला ती बघवत नाही. रांगेत नांगी दिसली की तो दुसरीकडचं रोप आणून तिथं लावतो. कोणी सांगावं लागत नाही आणि लावल्यावर तो कोणाला सांगतही नाही. अविनाशनं रविवारी दुपारी, प्रती जायच्या आधी, त्या नीट चालतात का म्हणून एकेक उघडून पाहिली होती. शेवटच्या वावरात एकेक झाड कमी. समताच्या हातून सुटलं असेल म्हणून त्यानं सहाही ठिकाणी झेंडू लावून दिले. हातासरशी.

समताला आधी वाटलं, थाप मारतो. तिनं फोल्डर उघडलं. अर्पिताची प्रत: अकरा झेंडू. अनुपमाची: अकरा. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. सगळीकडे अकरा. कॉम्प्युटर दाखवत होता की सहाही फाइली रविवारी दुपारी बदलल्या गेल्या आहेत. अविनाश रोज केलेल्या कामाची यादी लिहून ठेवायचा, ती यादीही तिथंच होती. तिनं ती कित्येक दिवसांत उघडलीच नव्हती. रविवारच्या खाली ओळ होती: साठव्या वावरात नांग्या भरल्या, समताले आराम करू द्या.

ती ओळ वाचून तिला रडू आलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर ओढणी धरली.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती शेखरच्या दारात उभी होती, आणि जे बुधवारी विचारायचं ते तिनं आता विचारलं. शेखरला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. तुमचे बाबाच आले होते ना ताई, पेन्शनच्या कागदाच्या प्रिंट काढायला, असं तो म्हणाला. त्यांनी टेबलावरचा पेनड्राइव्ह आणला होता. त्यात खेळ दिसला, शेखरनं उघडला, पहिल्याच पानावर लिहिलेलं, हा खेळ तुमचा आहे, याला कुलूप नाही. शेखरनं गुरुजींना विचारलं, घेऊ का? गुरुजी म्हणाले, घे ना बाबा, पोरीनंच केला आहे. तो म्हणाला, “मले वाटलं तुमीच वाटाले पाठवला. पन्नास-साठ जनाइले देल्ला म्या. मेहकर, डोणगाव, लोणारपर्यंत गेला.”

घरी येऊन ती वडिलांना काही बोलली नाही. कशाच्या जोरावर बोलणार?

तिनं नामावलीत नाव परत घातलं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात, आणि खेळ साइटवर पुन्हा चढवला. अर्पिताला लिहिलं. विकत घेणाऱ्यांना साइटमार्फत निरोप पाठवला की नवीन प्रत उतरवून घ्या. त्यातल्या एकतीस जणांनी घेतली. बाकीच्यांनी कशाला घ्यावी? त्यांचा खेळ व्यवस्थित चालत होता. अर्पितानं व्हिडिओखाली एक ओळ लिहिली, पण तोवर तो हजारो लोकांनी बघून झाला होता. कुलूपवाल्या खेळाचं बरं असतं, कंपनी तिकडून बटण दाबते आणि सगळ्यांच्या घरातला खेळ बदलतो. इथं बटणच नव्हतं. ज्याच्या कॉम्प्युटरवर जे गेलं, ते त्याचं झालं.

रविवारी ती मेहकरला गाडी बदलून डोणगावला गेली. काय बोलायचं ते वाटेत तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा मोडलं.

वावराच्या कडेला कडुनिंबाखाली टमाट्याचा ढीग होता. अविनाश खाली बसून टमाटे निवडून कॅरेटमध्ये भरत होता. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली बघून कामाला लागला. अन्नपूर्णाबाई, त्याची आई, पाणी घेऊन आली. तिनं समताला तिच्या आईची तब्येत विचारली. म्हणजे घरात कोणाला काही माहीत नव्हतं. त्यानं सांगितलंच नव्हतं. समताला हे जास्त जड गेलं. शिव्या खायच्या तयारीनं आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या मिळाला.

उकंडराव बाजेवर बसले होते, पुढं अविनाशचा जुना लॅपटॉप. समताला बघून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, चाळीस वर्षं पाणी वळवलं त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं, दोन दिवसांत साठही वावरं ओलली. पुतण्या जीवननं बुधवारीच कोणाकडून तरी पेनड्राइव्हमध्ये खेळ आणून दिला होता. शेवटी अविनाशचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते तीनदा लावून बघितलं आणि अन्नपूर्णाबाईला चुलीवरून उठवून आणून दाखवलं. अविनाशच्या हातातलं टमाटं हातातच राहिलं होतं.

पण उकंडराव पडले पक्क्या बिलाचे माणूस. एका वर्षी मिरचीचं सुटं बियाणं घेतलं, ते बोगस निघालं, चार एकरांत नुसता पाला. तेव्हापासून पाकीट आणि बिल असल्याशिवाय ते बियाण्याला हात लावत नाहीत. पोरानं एवढी मेहनत केली आणि आपण फुकटचं घ्यावं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी शुक्रवारी दुपारी, खेळ बाजारात येताच, जीवनला सांगून साइटवरून विकतची प्रत घेतली आणि बिलाचा कागदसुद्धा छापून आणला. तो त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो काढून समताच्या हातात दिला. मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि आवाज हळू केला. तीही प्रत शेवटपर्यंत ओलल्यापासून एक शंका त्यांना दोन दिवस खात होती, आणि पोराला विचारायचा धीर झाला नव्हता.

“पोरी, हे दोन हायेत. हा फुकटचा, याच्यात माया पोराचं नाव हाये. हा बिलाचा, याच्यात नाही. यातला एक बोगस हाये. कोनता?”

समताला खोटं बोलता आलं असतं. तांत्रिक चूक झाली म्हणून सांगितलं असतं तर उकंडरावांनी मान डोलवली असती, आणि अविनाशनंही काही म्हटलं नसतं.

“बिलाचा बोगस आहे काका,” ती म्हणाली. “मी केला. नाव मी खोडलं.”

उकंडरावांना समजायला वेळ लागला. ते तिच्याकडे बघत होते, मग पोराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिनं का ते सांगितलं, वडिलांच्या पेनड्राइव्हपासून झेंडूपर्यंत सगळं, आणि नाव परत घातलं आहे हेही सांगितलं. मला माफ करा म्हणाली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बिल तिच्या हातातून परत घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

“बियानं बोगस निघालं तं एक हंगाम जाते,” ते म्हणाले. “याचं किती जाते?”

उत्तर अविनाशनं दिलं, मान वर न करता.

“ते वापस येत नाही बाबा. त्याले कुलूप नाही ना.”

मग त्यानं भरलेलं कॅरेट बाजूला सरकवलं आणि दुसरं पुढं ओढलं.